रायफलला काय लावावे, काय लावू नये?



वर्धा जिल्ह्याचे नाव घेतले की सेवाग्राम आणि पवनार आठवतात. पण वर्ध्याहून मुंबईकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात ज्या पुलगावला थांबते, त्या पुलगावजवळ भारतीय सैन्याचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. देशातील सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारांत त्याची गणना होते. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर तेथे भीषण आग लागली. ती विझवताना काही अधिकारी, जवान आणि अग्निशामक दलाचे कर्मचारी प्राणास मुकले. दारूगोळा सांभाळणे म्हणजे काय असते, हे त्या रात्री साऱ्या जिल्ह्याने पाहिले.

अशा भांडारातून निघालेले काडतूस शेवटी एका जवानाच्या कमरेच्या पट्ट्यात जाऊन बसते. तेथे त्याला आणखी एक अर्थ येतो, तो म्हणजे वजन. ५.५६ मिलिमीटरचे एक काडतूस सुमारे १२ ग्रॅमचे असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजेच सुमारे ८० काडतुसे! मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात दिवसभर चालायचे असेल, तर जास्तीची ८० काडतुसे घ्यावीत की एक लिटर पाणी? आता या ओझ्यात तिसरा वाटेकरी आला आहे. तो म्हणजे रायफलला जोडायची उपकरणे.

संगिनीपासून दुर्बिणीपर्यंत

रायफलला काहीतरी जोडण्याची कल्पना नवी नाही. नळीच्या टोकाला लावायची संगीन हे अशा जोडकामाचे जुने उदाहरण आहे. खांद्याला अडकवायचा पट्टा हे दुसरे. पुढे दुर्बीण आली, दोन पायांचा टेकू आला, टॉर्च आला. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास संस्थेने तर नळीखाली बसवायचा ४० मिलिमीटरचा ग्रेनेड लाँचर तयार केला. इन्सास रायफलची रचनाही याच संस्थेची.

इन्सास १९९० च्या दशकात सैन्यात आली. तेव्हा अशी उपकरणे बसवण्यासाठी रायफलवर सरसकट पट्टी ठेवण्याची पद्धत नव्हती. अमेरिकेतील पिकॅटिनी शस्त्रागाराच्या नावाने ओळखली जाणारी खाचांची पट्टी १९९५ मध्ये तेथे प्रमाण ठरली. या पट्टीवर सुमारे ५ मिलिमीटर रुंदीच्या खाचा असतात आणि एका खाचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर १०.०१ मिलिमीटर असते. माप एकच असल्यामुळे एका कारखान्याची दुर्बीण दुसऱ्या कारखान्याच्या रायफलवर बसते. २०१९ मध्ये भारताने मागवलेल्या सिग ७१६ रायफलींवर आणि उत्तर प्रदेशातील कोरवा येथे बनणाऱ्या एके-२०३ वर अशी पट्टी आहे.

जागा मिळाली की ती भरण्याचा मोह होतो. नव्या सायकलला घंटी, दिवा, आरसा, टोपली, झालर असे सारे लावून मग चढावर धापा टाकणारा एखादा मित्र तुमच्याही वर्गात असेल! सायकलच्या बाबतीत ही गंमत असते. जवानाच्या बाबतीत मात्र चुकीची निवड जिवावर बेतू शकते. म्हणूनच सैन्यात रायफलला काय लावायचे हे ज्याच्या त्याच्या लहरीवर सोडत नाहीत. ते काम पाहून ठरवले जाते. ते कसे ठरवावे, याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे.

वजन किती, यापेक्षा वजन कोठे

रायफलचा बट खांद्याला टेकलेला आहे आणि डावा हात खांद्यापासून ४० सेंटिमीटरवर तिला आधार देत आहे, असे समजा. आता ५०० ग्रॅमचे एक उपकरण खांद्यापासून ६० सेंटिमीटरवर, म्हणजे नळीच्या पुढच्या भागावर लावले. खांदा हा टेकू मानला, तर तरफेच्या नियमाने डाव्या हातावर पडणारा जास्तीचा भार असा निघेल:

५०० × ६० ÷ ४० = ७५० ग्रॅम.

तेच उपकरण खांद्यापासून २० सेंटिमीटरवर लावले तर?

५०० × २० ÷ ४० = २५० ग्रॅम.

वस्तू तीच, पण पुढे लावली तर हाताला तिप्पट जड! बल आणि अंतर यांच्या गुणाकाराला परिबल म्हणतात, हे तुम्ही शिकला आहात. थकलेला हात थरथरतो आणि थरथरणाऱ्या हाताचा नेम चुकतो. म्हणून पहिला नियम असा, की जे लावायचे ते शक्यतो अंगाजवळ लावावे.

पण वजन हे नेहमीच शत्रू असते असे मात्र नाही. इन्सासची गोळी सुमारे ४ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने बाहेर पडते. तिचा संवेग ०.००४ × ९०० = ३.६ झाला. तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलला मिळतो. बाहेर पडणाऱ्या वायूंचा भाग सोडून दिला, तर साडेचार किलोची रायफल सेकंदाला ०.८ मीटर वेगाने मागे येते. तीच साडेपाच किलोची केली, तर वेग सुमारे ०.६५ मीटर होतो. म्हणजे खांद्याला बसणारा धक्का कमी झाला. पण त्या एका किलोची किंमत चालताना पावलोपावली मोजावी लागते.

डोळ्याची अडचण

आता नेमाकडे वळू. साध्या रायफलवर डोळ्याजवळ एक खाच किंवा भोक असते आणि नळीच्या टोकाला एक माशी. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे असतात. पण आपल्या डोळ्यातील भिंग एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट दाखवते. अंगठा डोळ्यासमोर धरा आणि त्याच्या मागचे दूरचे झाड पाहा. झाड स्पष्ट दिसले की अंगठा पुसट होतो, खरे ना?

यावर डब्लिनचे दुर्बीण बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये एक युक्ती काढली. वक्र आरशाच्या किंवा भिंगाच्या नाभीशी प्रकाशाचा बिंदू ठेवला, तर किरण समांतर होऊन बाहेर पडतात. मग तो बिंदू अनंत अंतरावर असल्यासारखा दिसतो. आजच्या लाल ठिपक्याच्या साइटमध्ये हेच तत्त्व वापरतात. ठिपका आणि लक्ष्य दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात आणि दोन्ही डोळे उघडे ठेवता येतात. उणीव एकच, ती म्हणजे बॅटरी. हिमालयातील कडाक्याच्या थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. ऐन वेळी ठिपका विझला तर काय? म्हणून साधी माशी काढून टाकण्याची घाई करू नये.

दुर्बीण लक्ष्य मोठे दाखवते, हे खरे. पण चार पट मोठे दाखवणारी दुर्बीण हाताचा कंपही चार पट दाखवते आणि दिसणाऱ्या देखाव्याची रुंदी सुमारे पावपट करते. शिवाय ३२ मिलिमीटरच्या भिंगातून चार पट मोठे पाहिले, तर डोळ्यापर्यंत ३२ ÷ ४ = ८ मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत येतो. अंधारात आपली बाहुली सुमारे ७ मिलिमीटर उघडते, म्हणजे तो झोत पुरेसा झाला. त्याच भिंगातून आठ पट मोठे केले, तर झोत ४ मिलिमीटरचा उरतो आणि संध्याकाळी देखावा अंधुक दिसतो. मोठे म्हणजे चांगले, हा समज येथे खोटा ठरतो.

एका स्क्रूची गोष्ट

साइट पट्टीवर पक्की बसली नाही तर काय होईल? तिच्या बैठकीची लांबी १०० मिलिमीटर आहे आणि ढिल्या स्क्रूमुळे तिचे एक टोक फक्त ०.१ मिलिमीटर वर उचलले गेले, असे समजा. ३०० मीटरवर चूक किती होईल? समरूप त्रिकोण मांडा. उत्तर येईल ३०० मिलिमीटर, म्हणजे पूर्ण एक फूट! म्हणूनच कोणतीही साइट बसवल्यावर चांदमारीच्या मैदानावर गोळ्या झाडून ती जुळवून घ्यावी लागते. जवान याला ‘झिरो करणे’ म्हणतात. झिरो न केलेली महागडी साइट ही साध्या माशीपेक्षाही वाईट, कारण ती खात्रीने चुकीची जागा दाखवते.

सर्वांत स्वस्त उपकरण

तुमच्यापैकी जे राष्ट्रीय छात्र सेनेत आहेत त्यांनी .२२ रायफल हाताळली असेल. पोटावर झोपून पट्टा दंडाभोवती घेतला की रायफल एकदम स्थिर होते. असे का बरे? पट्टा, दंड आणि पुढचा हात मिळून एक त्रिकोण तयार होतो आणि त्रिकोण ही न मोडणारी आकृती आहे. मग वजन स्नायूंऐवजी हाडे आणि ताणलेला पट्टा पेलतात. स्नायू थकतात, पट्टा थकत नाही. बॅटरी नको, भिंग नको. चालताना तोच पट्टा रायफल खांद्यावर घेतो आणि हात मोकळे ठेवतो. त्याची लांबी मात्र ज्याच्या त्याच्या अंगाप्रमाणे ठरवावी लागते आणि त्याच्या कड्या रात्री वाजत नाहीत ना, हेही पाहावे लागते.

आता तुम्ही ठरवा

तुमच्याजवळ चार वस्तू आहेत: चार पटीची दुर्बीण, लाल ठिपक्याची साइट, दोन पायांचा टेकू आणि टॉर्च. पट्टा सर्वांना मिळणारच आहे. पुढील तीन जवानांना काय द्याल?

पहिला जवान घनदाट जंगलात आहे. तेथे पन्नास मीटरच्या पुढे दिसत नाही आणि दिवसभर चालायचे आहे. दुसरा राजस्थानच्या वाळवंटात एकाच चौकीत बसून दूरवर नजर ठेवतो. तिसरा रात्री छावणीच्या फाटकावर पहारा देतो आणि आत येणारा आपला की परका, हे त्याला आधी ओळखायचे आहे.

जंगलात अरुंद देखाव्याची दुर्बीण अडचणीची होईल. ठिपका उपयोगी पडेल. टेकू मात्र झुडपांत अडकेल. वाळवंटातील चौकीत टेकू आणि दुर्बीण दोन्ही शोभतील, कारण तेथे वजन जमिनीवर टेकते. फाटकावर टॉर्च हवाच, कारण अंधारात न ओळखता झाडलेली गोळी आपल्याच माणसाला लागू शकते. पण टॉर्च लावणारा स्वतःही दुरून दिसतो, म्हणून तो गरजेपुरता क्षणभरच लावायचा. चारही वस्तू घेणारा जवान तिन्ही ठिकाणी अडचणीत येईल.

एखादी वस्तू घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. माझी नेमकी अडचण कोणती? ही वस्तू ती दूर करते का? आणि तिच्यासाठी मी काय सोडून देणार आहे? ज्याला तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, त्याने ती वस्तू पट्टीवर चढवू नये. सेवाग्रामची बापूकुटी पाहायला जाल, तेव्हा तेथील मोजक्या वस्तू पाहून याच प्रश्नांची आठवण करा.

करून पाहा

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्या. तिचे एक टोक खांद्याला टेकवा आणि डावा हात खांद्यापासून ४० सेंटिमीटरवर धरा. भिंतीवर खडूने एक खूण करून काठीचे टोक तिच्याकडे रोखा. आता अर्धा लिटर पाण्याची बाटली दोऱ्याने खांद्यापासून २० सेंटिमीटरवर बांधा आणि दोन मिनिटे काठी स्थिर ठेवा. थोडी विश्रांती घेऊन बाटली ६० सेंटिमीटरवर बांधा आणि पुन्हा तसेच करा. टोक किती हलते, हे मित्राला पाहायला सांगा. शेवटी काठीला दोरीचा पट्टा बांधून तो दंडाभोवती घ्या आणि फरक नोंदवा. शिक्षकांनी वर्गातील सर्वांच्या नोंदी फळ्यावर मांडाव्यात. तरफेचा नियम वहीत लिहिण्याआधी तो दंडाला कळलेला असेल!