ठोशाचे बळ खुब्यात

मुष्टियुद्ध शिकणाऱ्या मुलाला "ठोसा कुठून येतो?" असे विचारले, तर तो बहुधा आपला दंड दाखवील. हे उत्तर अपुरे आहे. दंड ठोसा पोहोचवितो. त्याचे बळ तयार होते पायांत आणि खुब्यांत. कराटे, तायक्वांदो किंवा थाई पद्धतीच्या मुष्टियुद्धातील लाथेचेही तसेच. शेतकरी घरांतील मुले-मुलीही आता हे खेळ शिकतात, म्हणून त्यांनी व त्यांच्या आईवडिलांनी खुब्याची माहिती करून घ्यावी. शेतात राबणाऱ्या प्रौढांनाही ती उपयोगी पडेल, कारण ठोसा मारणारा खुबा आणि पोते उचलणारा खुबा एकच आहे.

खुब्याची रचना

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते. ते कटीच्या हाडातील खोलगट वाटीत बसते. ही वाटी खांद्याच्या वाटीपेक्षा खोल असल्यामुळे खुबा सहसा निखळत नाही. असे असूनही तो पुढे, मागे, बाजूला हलतो आणि आत-बाहेर वळतो. त्याच्या मागे नितंबाचा मोठा स्नायू आहे. तो शरीराला पुढे ढकलतो. बाजूचा मधला स्नायू एका पायावर उभे राहताना कंबर समतोल ठेवतो. पुढून मांडी वर उचलणारे स्नायू आणि आतून जांघेचे स्नायू जातात. यांपैकी एक आखडला किंवा दुबळा झाला, तर त्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

ठोसा कसा तयार होतो

डावा पाय पुढे ठेवून उभा असलेला खेळाडू उजव्या हाताने सरळ ठोसा मारतो तेव्हा आधी उजवा चवडा जमीन मागे रेटतो. टाच उचलली जाऊन बाहेर वळते. उजवा खुबा पुढे येतो, त्यामागून छाती व खांदा वळतात आणि शेवटी मूठ सुटते. आसूड ओढताना मुठीपासून निघालेला वेग टोकाला जाऊन कडाडतो, तसाच हा क्रम आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत मोजमापांत असे दिसले, की कसलेल्या मुष्टियोद्ध्यांच्या ठोशातील सुमारे ३८ टक्के वाटा पायांच्या रेट्याचा होता, तर नवख्यांच्या ठोशात तो सुमारे १६ टक्केच होता. नवखा हाताने मारतो, मुरलेला जमिनीपासून मारतो.

आता पुढच्या खुब्याकडे पाहा. जात्याची वरची तळी खुंट्याभोवती फिरते, तसे सारे धड पुढच्या डाव्या मांडीच्या हाडाभोवती फिरते. हा खुबा आतल्या बाजूस नीट वळत नसेल, तर राहिलेले वळण गुडघा आणि पाठीचा खालचा भाग यांना घ्यावे लागते. ते या कामासाठी बनलेले नाहीत. गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा चालतो आणि कमरेचे मणके फारच थोडे वळतात. म्हणूनच ठोशांचा सराव वाढविल्यावर कित्येकांचे गुडघे व कंबर दुखू लागते.

लाथेतही हेच घडते. गोल लाथ मारताना उभ्या पायाचा चवडा बाहेर फिरला नाही आणि खुबा वळला नाही, तर पाय उंच जात नाही आणि उभ्या गुडघ्याला पीळ बसतो.

दोन उदाहरणे

जो फ्रेझर हा अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यातील शेतकरी घरातला मुलगा. गोणपाटात चिंध्या, मक्याची बुरकुंडे आणि वीट भरून ती गोणी त्याने झाडाला टांगली व तिच्यावर सराव केला. लहानपणी झालेल्या दुखापतीमुळे त्याचा डावा हात पुढे कधी पूर्ण सरळ होत नसे. तरीही ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे पंधराव्या फेरीत त्याने आपल्याहून उंच असलेल्या महंमद अलीला डाव्या 'हूक'ने खाली पाडले व सामना जिंकला. हूकमध्ये हात वाकलेलाच ठेवायचा असतो; तो धडाशी जखडून राहतो आणि डाव्या पायावर घेतलेला भार खुब्याच्या झटक्यासरशी फिरतो.

दुसरे उदाहरण आपल्या देशातले. मणिपूरमध्ये कुळाने शेती करणाऱ्या आईबापांची मुलगी मेरी कोम हिने २००२ ते २०१८ या काळात सहा वेळा जगज्जेतेपद मिळविले आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. तेव्हा हे खेळ केवळ मुलांचे, असे कोणी समजू नये.

खुबा आखडतो का?

दिवसभर बाकावर, मोटारसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर बसल्याने पुढचे स्नायू आखडतात व नितंबाचे स्नायू आळसावतात. पाहणी सोपी आहे. उंच बाकावर पाय लोंबते ठेवून बसावे, मांड्या हलवू नयेत आणि एकेक पाऊल बाहेर न्यावे. मांडीचे हाड आत वळते ते असे. एक पाऊल दुसऱ्यापेक्षा बरेच कमी जात असेल, तर त्या बाजूकडे अधिक लक्ष द्यावे.

करावयाचे व्यायाम

१. उकिडवे बसणे. टाचा जमिनीवर टेकवून अर्धा ते एक मिनिट, तीन वेळा. तोल जात असेल तर खांब धरावा.

२. चटईवर बसून एक पाय पुढे व दुसरा बाजूला, दोन्ही गुडघे काटकोनात. हात मागे टेकून गुडघे सावकाश दुसऱ्या बाजूस न्यावेत. आठ वेळा.

३. घडी केलेल्या गोणपाटावर एक गुडघा टेकावा, त्याच बाजूचे नितंब आवळावे आणि कंबर पोकळ न करता पुढे सरकावे. प्रत्येक बाजूस ३० सेकंद.

४. पाठीवर निजून गुडघे उभे करावेत व नितंब वर उचलावेत. १० ते १२ वेळा, तीन फेऱ्या. जमू लागल्यावर एकेका पायाने करावे.

५. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुडघ्यांच्या वर बांधून, किंचित वाकून, दहा पावले उजवीकडे व दहा डावीकडे चालावे. गुडघे आत पडू देऊ नयेत.

६. पाठीवर काठी उभी धरावी. ती डोके, पाठ व माकडहाड यांना टेकलेली राहिली पाहिजे. मग नितंब मागे नेत खुब्यातून वाकावे. दहा वेळा. सवय झाल्यावर पाच-दहा किलो धान्याची पिशवी घेऊन करावे. पोते उचलताना आणि भाताची लावणी करताना कंबर वाचविणारे वाकणे हेच.

७. ठोशाच्या पवित्र्यात उभे राहून मूठ न चालविता फक्त टाच व खुबा वळवावा. सावकाश, प्रत्येक बाजूस दहा वेळा.

जोराच्या सरावाआधी पाय झुलविण्यासारख्या हलत्या हालचाली कराव्यात. ताण धरून ठेवण्याचे व्यायाम नंतर करावेत, कारण फार वेळ ताणलेला स्नायू काही काळ जोर कमी देतो. चौथा, पाचवा व सहावा व्यायाम आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. लावणी-कापणीच्या दिवसांत शेतातले काम हाच व्यायाम समजून विश्रांती घ्यावी. फरक जाणवण्यास सहा-आठ आठवडे लागतात.

केव्हा थांबावे

स्नायू ताणल्याचा बोध होणे ठीक. पण जांघेत पुढून चिमटा बसल्यासारखे दुखले तर जोर करू नये. काहींच्या हाडांचा आकारच असा असतो, की खोल उकिडवे बसणे त्यांना सोसत नाही.

दहा ते सोळा वर्षांचे मूल लंगडू लागले आणि मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणाले, तर तेल चोळीत बसू नये. या वयात खुब्याच्या चेंडूचा भाग वाढीच्या जागी घसरू शकतो व दुखणे मात्र गुडघ्यात जाणवते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे आणि तोवर त्या पायावर भार देऊ नये. प्रौढांमध्ये अति दारू आणि दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडची औषधे या चेंडूचा रक्तपुरवठा तोडू शकतात. जांघेतले दुखणे अंगावर काढू नये.

शेवटी एक गोष्ट पालकांसाठी. खुबा घडविता येतो, मेंदूला व्यायामाने चिलखत घालता येत नाही. वारंवार डोक्यावर ठोसे खाणाऱ्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूला होणाऱ्या इजेचे वर्णन डॉ. मार्टलँड यांनी १९२८ मध्येच केले होते. गोणीवर व प्रशिक्षकाच्या गादीवर केलेल्या सरावात बळ, चपळाई आणि शिस्त भरपूर मिळते. प्रत्यक्ष लढतीस मुलाला पाठविण्यापूर्वी प्रशिक्षक कोण, डोक्याला मार लागल्यास तो खेळ थांबवितो का, हे आईबापांनी स्वतः जाऊन पाहावे.