निर्मात्याची निवड : लातूरच्या रितेश देशमुखांची चित्रनिर्मिती

चित्रपटाच्या अभ्यासात दिग्दर्शकाचा विचार होतो, नटाचाही होतो. निर्मात्याचे नाव मात्र श्रेयनामावलीत वाचून आपण पुढे जातो. वस्तुतः कोणती कथा घ्यावयाची, ती कोणाच्या हाती सोपवावयाची आणि तिच्यापायी किती धन पणास लावावयाचे, हे निर्णय चित्रीकरणास आरंभ होण्यापूर्वी निर्मात्यानेच घेतलेले असतात. श्री. रितेश देशमुख यांच्या मराठी निर्मितीकडे येथे या दृष्टीने पाहावयाचे आहे.

त्यांचा जन्म 1978 मध्ये लातूर येथे झाला. घराणे जवळच्याच बाभळगावचे. मुंबईत वास्तुशास्त्राचे शिक्षण घेऊन 2003 मध्ये ‘तुझे मेरी कसम’ या चित्रपटाने ते हिंदीत नट म्हणून आले. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली व 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच काळात मराठी बोलपटाचे भांडवल व कसब कोल्हापूर, पुणे आणि मुंबई येथे स्थिरावले. ‘प्रभात’ 1929 मध्ये कोल्हापुरात निघाली व 1933 मध्ये पुण्यास गेली. लातूरच्या निर्मात्याच्या संस्थेचे नाव ‘मुंबई फिल्म कंपनी’ असावे, यात म्हणूनच नवल नाही.

आरंभीच्या दोन चित्रपटांत त्यांनी नायकाची भूमिका स्वतःकडे घेतली नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. रवी जाधव दिग्दर्शित ‘बालक पालक’ (2013) वयात येणाऱ्या मुलांच्या लैंगिक कुतूहलाविषयी आहे. विषय असा की, घराघरांत तो टाळलाच जातो. ‘यलो’ (2014) हा छायालेखक महेश लिमये यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला प्रयत्न. डाउन सिंड्रोम असलेली जलतरणपटू गौरी गाडगीळ हिची ही कथा, आणि भूमिकाही तिचीच! व्यवहारी धनिकाने येथे एखादी प्रसिद्ध अभिनेत्री सुचविली असती. या चित्रपटास राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी निशिकांत कामत यांच्या ‘लय भारी’त देशमुख प्रथमच मराठीत नायक झाले. हिंदीत मिळविलेली लोकप्रियता हेच आता भांडवल ठरले, आणि ते फळासही आले. ‘माउली’ (2018) त्याच वाटेवरचा. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही. ‘वेड’ने (2022), ज्याचे दिग्दर्शनही त्यांचेच, अमाप प्रेक्षक मिळविले, परंतु त्याची कथा ‘मजिली’ या तेलुगू चित्रपटावरून घेतलेली होती. ‘यलो’च्या निर्मात्याने पूर्वपरीक्षित कथानकाचा आधार घ्यावा, हे मनास थोडे खटकते. दूरचित्रवाणीवर, उदाहरणार्थ 2024 च्या मराठी ‘बिग बॉस’मध्ये, ते दिसले ते निर्माते म्हणून नव्हे, सूत्रसंचालक म्हणून.

आपल्या भागाच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय चित्रपट मात्र ‘फास्टर फेणे’ (2017) होय. भा. रा. भागवतांचा कुमारनायक आदित्य सरपोतदारांनी तरुण करून वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतील गैरव्यवहाराच्या शोधास लावला. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी आज गावोगावची मुले लातूर-नांदेडला येऊन खोल्या घेऊन राहतात. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दच त्यातून रूढ झाला. विषय अगदी लातूरच्या दारातला, निर्माताही लातूरचा. पण कथा घडते ती पुण्यात. फेणे पुण्याचा आहे हे कारण खरे आहे, परंतु तेवढेच पुरेसे आहे काय, याचा शोध एखाद्या विद्यार्थ्याने अवश्य घ्यावा.