शिवणाच्या कारखान्यातले दार

आपल्या गावात शिंप्याचे यंत्र ओट्यावर चालते. उजेड असतो, वारा असतो, पाठ अवघडली की उठून चार पावले टाकता येतात. शहरातल्या कपड्यांच्या कारखान्यात तसे नसते. एकेका मजल्यावर शेकडो यंत्रे. एक बाई दिवसभर नुसत्या बाह्या जोडते, दुसरी नुसत्या कॉलरी. तेव्हा कामगारांच्या सुखसोयींची गोष्ट निघाली की आधी विचारावे, बाहेर पडायची वाट कोठे आहे?

बांगलादेशात ढाक्याजवळ सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. वरचे मजले परवानगीवाचून चढवलेले, त्यांवर अवजड जनित्रे. २३ एप्रिल २०१३ रोजी तिला तडे गेलेले दिसले. खालच्या बँकेने आपली माणसे दुसऱ्या दिवशी घरी ठेवली. शिवणकामगारांना मात्र कामावर बोलावले. न आलात तर पगार कापू, असा धाक! पोटासाठी माणसे जिना चढली. सकाळी वीज गेली, जनित्रे सुरू झाली, आणि थोड्याच वेळात इमारत खाली बसली. १,१०० हून अधिक माणसे मेली. त्यांत बाया अधिक.

तडा काही लपलेला नव्हता, हे ध्यानात घ्या. 'मी आत जाणार नाही' असे म्हणण्याची सोय कामगाराला नव्हती.

पुढच्याच महिन्यात कामगार संघटना आणि परदेशी कपडे-कंपन्या यांच्यात करार झाला. असले करार पुष्कळ होतात नि कागदावरच राहतात. हा मात्र कायद्याने बांधणारा होता. स्वतंत्र अभियंत्यांनी दीड हजारांहून अधिक कारखाने तपासले आणि अहवाल उघड केले. जो कारखानदार दुरुस्ती करीना, त्याचा माल घेणे बंद. ही भाषा मालकाला लवकर कळते! जिन्याच्या तोंडाची सरकती लोखंडी जाळी आणि कुलपे काढून तेथे आगीला अडवणारी, आतून सहज उघडणारी दारे बसवायला लावली. आणि धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क कामगाराला मिळाला.

मजुरीचे गाडे मात्र मागेच आहे. मूळ पगार तुटपुंजा, म्हणून बाया जादा तास बसतात, आणि मान-डोळे त्यातच जातात. २०२३ साली तेथे किमान मजुरी महिना १२,५०० टका ठरली; संघटनांनी मागितले होते २३,०००.