कायम वास्तव्य आणि शेजारच्या देशाचा व्हिसा

एका देशात कायम वास्तव्याचा हक्क मिळालेल्या परकीय नागरिकास शेजारच्या देशात सहलीसाठी जावयाचे झाल्यास व्हिसा लागतो काय, हा प्रश्न वरकरणी केवळ व्यावहारिक वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी नागरिकत्व आणि वास्तव्य या दोन कल्पनांमधील भेद आहे. उत्तर अमेरिकेच्या उदाहरणाने तो स्पष्ट होईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे ‘ग्रीन कार्ड’ धारण करणाऱ्या भारतीय नागरिकास पर्यटक म्हणून कॅनडात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. भारताचे वैध पारपत्र आणि वैध ग्रीन कार्ड एवढे त्याने दाखविले म्हणजे पुरे. विमानप्रवासासाठी पूर्वी घ्यावी लागणारी इलेक्ट्रॉनिक परवानगीही २६ एप्रिल २०२२ पासून आवश्यक राहिलेली नाही. उलटपक्षी, कॅनडाच्या कायम रहिवासी असलेल्या भारतीय नागरिकास अमेरिकेत जाण्यासाठी पर्यटक व्हिसा काढावाच लागतो. मेक्सिको मात्र या दोन्ही देशांच्या कायम रहिवाशांना पर्यटनासाठी व्हिसावाचून प्रवेश देतो.

हा भेद कशामुळे पडतो? कायम वास्तव्याचा हक्क हा व्यक्ती आणि तो देणारे राज्य यांच्यातील संबंध होय. तिसऱ्या राज्यावर तो बंधनकारक नसतो. ते राज्य प्रथम पारपत्र, म्हणजेच नागरिकत्व, पाहते. शेजाऱ्याने केलेल्या छाननीवर विसंबून सवलत द्यावी की नाही, हा सर्वस्वी त्याच्या धोरणाचा प्रश्न असतो. त्यामुळे अशी सवलत परस्पर असेलच असे नाही, आणि दिलेली सवलत काढूनही घेता येते. कॅनडात कायम वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुलीय देशांच्या नागरिकांना, आणि त्यांत भारतीयांनाही, अमेरिकेत पूर्वी व्हिसामाफी होती. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर सुरक्षाविषयक धोरण कडक झाले आणि मार्च २००३ मध्ये ती माफी रद्द करण्यात आली. या लोकांचे कॅनडातील हक्क त्यामुळे तिळमात्र कमी झाले नाहीत. बदलला तो शेजाऱ्याचा नियम.

भारतीयांच्या बाबतीत या नियमाला आणखी एक धार आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार स्वेच्छेने परदेशाचे नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. टोरांटोतील एखाद्या मराठी कुटुंबात पतीने कॅनडाचे नागरिकत्व घेतले आणि पत्नीने भारताचे राखले, तर नायगारा नदीवरील पूल ओलांडून पलीकडे जाताना पतीस सामान्यतः व्हिसा लागत नाही, पत्नीस लागतो. घर एक, कर भरण्याचा देश एक, वास्तव्याचा काळही कदाचित सारखाच. तरीही सीमेवर दोघांची गणना भिन्न वर्गांत होते.

म्हणून कायम वास्तव्याला नागरिकत्वाची पूर्वपायरी समजणे अपुरे आहे. प्रवासापूर्वी अभ्यासावयाचे ते आपल्या वास्तव्याच्या देशाचे नियम नव्हेत, तर ज्या देशात प्रवेश करावयाचा त्या देशाचे, आणि तेही आपले पारपत्र कोणत्या राष्ट्राचे आहे हे ध्यानी घेऊन. परतीच्या वाटेवर मात्र वास्तव्याच्या देशाचे कार्ड जवळ असावेच लागते.