पाणथरीतला पू

भातलावणीच्या दिवसांत चिखलात राबलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला ताप चढतो आणि हटायचे नाव घेत नाही. मलेरिया नाही, टायफॉइड नाही. मग अंदाजानेच क्षयाची औषधे सुरू होतात. वजन मात्र उतरतच राहते. अशा एखाद्या रुग्णाची सोनोग्राफी होते, तेव्हा डाव्या बरगड्यांखाली, पाणथरीत, पुवाची गळवे दिसतात.

पाणथरी रक्त गाळते, त्यामुळे रक्तातून आलेले जंतू तिच्यात अडकतात. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग, टायफॉइड, सिकलसेल, पोटाला बसलेला मार, यांतून तिथे गळू होऊ शकते. दुखणे डाव्या कुशीत असते, पण कधी डाव्या खांद्यातही उठते आणि रुग्ण खांदाच शेकत बसतो. सीटी स्कॅनने गळवे किती, केवढी, हे नेमके कळते.

भातखाचरातल्या तापामागे मेलिऑइडोसिस असू शकतो. त्याचा जंतू मातीत आणि पाण्यात राहतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी 1912 मध्ये रंगूनमध्ये हा आजार प्रथम नोंदवला. भारतातली पहिली नोंद 1991 मध्ये मुंबईतली. कर्नाटकच्या किनारपट्टीवर तो आता ओळखीचा झाला आहे. आपल्या कोकणात आणि गोव्यातही तेवढ्याच जागरूकतेने त्याचा शोध घ्यायला हवा, कारण हा जंतू कल्चरमध्ये उगवला तरी ‘स्यूडोमोनास’ हा दुसराच जंतू समजून दुर्लक्षिला जातो, आणि नेहमी दिले जाणारे जेंटामायसिन त्याच्यावर सहसा चालत नाही.

म्हणूनच शक्यतो प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरच्या बाटलीत जायला हवे. गळू मोठे असेल तर सोनोग्राफीत बघत सुईने पू काढतात आणि तोही तपासायला पाठवतात. मेलिऑइडोसिस ठरला की सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, गळवे असतील तर अधिक काळ, आणि पुढे साधारण तीन महिने को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. ताप गेला म्हणून गोळ्या मध्येच सोडल्या, तर आजार उलटतो.

एवढ्यानेही भागले नाही, किंवा गळू फुटले, तर पाणथरी काढावी लागते. पाणथरी नसलेल्या माणसाला न्यूमोकॉकस, मेनिंगोकॉकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी द्याव्या लागतात. त्यानंतर आयुष्यात कधीही थंडी वाजून ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो.