एआयएस ट्रान्सपाँडर: बसवताना काय बघायचं, वापरताना काय विसरायचं नाही

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. श्रोत्यांचे निवडक प्रश्न शेवटी दिले आहेत.)

आजचा विषय यंत्राचा आहे, पण मी सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी एका मासेमारी बोटीवर एआयएसचा संच बसवून दिला होता. हिरवा दिवा लागला, पडद्यावर आजूबाजूची जहाजं दिसायला लागली, मालक खूश, मीही खूश. दोन-तीन महिन्यांनी त्या बोटीचा तांडेल भेटला. म्हणाला, "साहेब, तुमचा डबा चालत नाही. रात्री जाळं पाण्यात होतं आणि एक मालवाहू जहाज सरळ अंगावर आलं. आम्हाला ते पडद्यावर दिसत होतं. बॅटऱ्या हलवल्या, तेव्हा शेवटच्या घटकेला वळलं." मी शेजारच्या बोटीवर जाऊन तिच्या पडद्यावर बघितलं. ही बोट एका दिशेला गेली की दिसायची, दुसऱ्या दिशेला मैलभरातच गायब. अँटेना मी लोखंडी खांबाला चिकटून बांधली होती, आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरलं होतं. म्हणजे त्या बोटीला सगळे दिसत होते, पण ती कुणाला दिसत नव्हती. आजचं व्याख्यान या फरकाबद्दल आहे.

हा डबा करतो काय?

एआयएस म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा. तिच्यात एक जीपीएस असतो आणि एक व्हीएचएफ रेडिओ असतो. जीपीएसवरून बोटीची जागा, वेग आणि दिशा कळते. रेडिओ ती माहिती बोटीच्या नावासकट आणि नंबरासकट ठरावीक वेळाने हवेत सोडतो. यासाठी जगभर दोन वाहिन्या राखून ठेवल्या आहेत: १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झ. आसपासच्या प्रत्येक संचाला ही माहिती मिळते, आणि तो आपल्या पडद्यावर एक त्रिकोण काढतो.

आता शेकडो बोटी दोनच वाहिन्यांवर बोलणार, मग गोंगाट का होत नाही? जेवणाची पंगत डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाची २२५० पानं मांडलेली असतात. मोठ्या जहाजांवरचा 'क्लास ए' संच आपलं पुढचं पान आधीच धरून ठेवतो, आणि तसं सगळ्यांना सांगतोही. छोट्या बोटींवरचा साधा 'क्लास बी' संच मात्र दाराशी उभा राहून बघतो. पान रिकामं दिसलं की पटकन बसतो, नाही दिसलं तर ती पाळी सोडून देतो. म्हणून गर्दीच्या बंदराजवळ क्लास बीचे काही निरोप गळू शकतात. क्लास बीचा एक नवा प्रकारही आहे. तो क्लास एसारखंच पान धरतो आणि ५ वॅटने बोलतो. नवीन संच घेणार असाल तर दुकानात हा फरक जरूर विचारा.

साधा क्लास बी २ वॅटने बोलतो, क्लास ए १२.५ वॅटने. चालत्या जहाजाचा क्लास ए दर २ ते १० सेकंदांनी जागा सांगतो. साधा क्लास बी २ नॉटच्या वर असेल तर दर ३० सेकंदांनी, आणि त्याखाली वेग गेला की दर ३ मिनिटांनी. हे ३ मिनिटांचं गणित मच्छीमारांनी नीट लक्षात ठेवावं. जाळं सोडून तुम्ही प्रवाहाबरोबर वाहत असता तेव्हा वेग २ नॉटच्या आतच असतो. तेवढ्या वेळात १५ नॉटने येणारं जहाज जवळजवळ १४०० मीटर पुढे आलेलं असतं. मधला एक निरोप गळला तर दुप्पट.

सक्ती कुणाला?

आंतरराष्ट्रीय सोलास करारानुसार परदेशी फेऱ्या करणाऱ्या ३०० टन आणि त्यावरच्या जहाजांना, देशांतर्गत फिरणाऱ्या ५०० टन आणि त्यावरच्या मालवाहू जहाजांना, आणि या करारात येणाऱ्या सगळ्या प्रवासी जहाजांना एआयएस लागतं. आपल्याकडे २००८ चा मुंबई हल्ला 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवून झाला. त्यानंतर २० मीटर आणि त्याहून लांब मासेमारी बोटींनाही हे यंत्र लागू केलं गेलं. त्यामुळे अनेकांच्या मनात बसलंय की हे पोलिसांचं किंवा तटरक्षक दलाचं यंत्र आहे. तपासणीपुरतं लावायचं, मग बंद. पण याचा उगम टक्कर टाळण्यासाठी झालाय. बोट १५ मीटरची असली, सक्ती नसली, तरी अंगावर येणारं जहाज तेवढंच मोठं असतं.

बसवताना

आधी अँटेना, कारण निम्म्याहून जास्त बिघाड तिथेच सापडतात. व्हीएचएफ लाटा साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून उंची महत्त्वाची. एक सोपा हिशेब सांगतो. दोन्ही अँटेनांच्या उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढा, बेरीज करा, २.२२ ने गुणा. सागरी मैल मिळतात. तुमची अँटेना ४ मीटरवर, जहाजाची २५ मीटरवर. वर्गमूळं २ आणि ५, बेरीज ७, म्हणजे साधारण साडेपंधरा मैल. ही कमाल मर्यादा झाली. २ वॅटच्या संचाला प्रत्यक्षात त्याहून कमी मिळतं. समोरही ४ मीटरवालीच बोट असेल तर कमाल मर्यादाच ९ मैलांच्या आत येते.

म्हणून अँटेना डोलकाठीवर, जमेल तितकी उंच. लोखंडी खांब, दोरखंडाच्या तारा, जाळ्याचं गॅलोज यांपासून २ मीटर तरी बाजूला. रडारपासून किमान ३ मीटर, आणि त्याच्या झोताच्या बाहेर. बोलायच्या व्हीएचएफची अँटेना असेल तर दोन्ही एका उभ्या रेषेत, मध्ये २ मीटर अंतर ठेवून लावाव्यात. एकाच उंचीवर लावायच्या झाल्या तर १० मीटर अंतर लागतं, आणि आपल्या बोटीवर तेवढी जागा नसते. दोन्ही संचांना एकच अँटेना वापरायची असेल तर त्यासाठी बनवलेला एआयएस स्प्लिटर घ्या. नुसता टी-जोड लावलात तर व्हीएचएफवर बोलायला बटण दाबताच एआयएसचा रिसीव्हर जळू शकतो.

दुसरी केबल. बाजारात बारीक आरजी-५८ केबल स्वस्त मिळते. तिच्या १० मीटर लांबीत साधारण एक तृतीयांश शक्ती उष्णता होऊन जाते. आधीच २ वॅट, त्यातले हे गेले. जाड आरजी-२१३ घेतली तर तेवढ्याच लांबीत नुकसान साधारण निम्मं होतं. केबल लागेल तेवढीच ठेवा, वेटोळं करून कोपऱ्यात टाकू नका. बाहेरच्या प्रत्येक कनेक्टरवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, आणि केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. खाऱ्या हवेत उघडा कनेक्टर एका पावसाळ्यात हिरवा पडतो.

तिसरा वीजपुरवठा. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज. इंजिन सुरू करताना व्होल्टेज दणकन खाली येतं आणि संच बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून स्टार्टरची बॅटरी वेगळी असेल तर उत्तम. जीपीएसच्या अँटेनाला वर मोकळं आकाश हवं. आणि संच होकायंत्राच्या शेजारी लावू नका. किती लांब ठेवायचा ते पुस्तिकेत दिलेलं असतं.

माहिती भरताना

आता स्क्रू-पाना बाजूला ठेवा. पुढचं काम जास्त जपून करायचं आहे.

पहिला एमएमएसआय, म्हणजे नऊ आकडी नंबर. भारतातल्या बोटींचा ४१९ पासून सुरू होतो. हा सरकारी नोंदणीतूनच घ्यायचा. अनेक क्लास बी संचांत तो एकदाच भरता येतो, चुकला तर संच परत विक्रेत्याकडे. मी एका बंदरात दोन बोटींना एकच नंबर भरलेला पाहिलाय. एकाने दुसऱ्याचं बघून टाकला होता. पडद्यावर ती 'एक' बोट एका मिनिटात आठ मैल उडी मारायची. उद्या यातली एक बुडाली तर शोधायला कुठे जाणार? बोट विकली तर नवीन मालकाने नाव आणि नोंद बदलून घ्यायची, हेही राहून जातं.

दुसरी मापं. संच चार आकडे विचारतो: जीपीएस अँटेनापासून पुढचं टोक, मागचं टोक, डावी बाजू, उजवी बाजू किती मीटरवर आहे. समजा बोट १८ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद आहे. अँटेना नाळेपासून १२ मीटरवर असेल तर मागे ६. डावीकडे ३, उजवीकडे २. पहिल्या दोघांची बेरीज लांबी, पुढच्या दोघांची रुंदी. जुळली नाही तर टेप पुन्हा धरा. छोट्या बोटीवर या चुकीने फार बिघडत नाही. पण ३०० मीटरच्या जहाजावर २५० आणि ५० हे आकडे उलटे पडले, तर त्याचं पुढचं टोक दुसऱ्यांच्या पडद्यावर २०० मीटर मागे दिसतं. अरुंद खाडीत हे अंतर म्हणजे अपघात.

सगळं झाल्यावर फक्त हिरव्या दिव्यावर जाऊ नका. दिवा सांगतो की संचाने निरोप सोडला, पोचला की नाही ते सांगत नाही. बंदराबाहेर दोन-तीन मैल जा, ओळखीच्या बोटीला व्हीएचएफवर विचारा: आमचं नाव काय दिसतं, कुठे दिसतं? मग बोट चारही दिशांना वळवून पुन्हा विचारा. त्या तांडेलाच्या बोटीवर मी ही अर्ध्या तासाची तपासणी केली नव्हती.

वापरताना

क्लास ए असेल तर 'स्थिती' हाताने बदलावी लागते: चालू, नांगरावर, धक्क्याला, मासेमारीत. ती नेहमी विसरली जाते. १२ नॉटने चाललेलं जहाज 'नांगरावर' म्हणून फिरत असतं. ठिकाण आणि पोचायची वेळ प्रत्येक फेरीला बदलायची, वेळ यूटीसीत, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे.

साधा क्लास बी ही स्थिती पाठवतच नाही. तुम्ही मासेमारी बोट आहात एवढं जहाजाला कळतं, जाळं पाण्यात आहे की नाही ते कळत नाही. म्हणून दिवे लागतातच. ट्रॉलिंग करताना पांढऱ्यावर हिरवा, इतर मासेमारीत पांढऱ्यावर लाल. शिवाय गर्दीत काही जहाजं पडद्यावरचे क्लास बीचे त्रिकोण दडवून ठेवतात, हेही धरून चाला.

आणि उलट बाजूने, तुमच्या पडद्यावर दिसत नाही म्हणजे समुद्र मोकळा आहे असं नाही. लाकडी होडी, बंद संच, बिघडलेला जीपीएस यांपैकी काहीच तिथे दिसणार नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या दोन जहाजांची टक्कर झाली. सकाळची वेळ होती आणि दोन्ही जहाजं एआयएस सक्तीच्या आकाराची. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांत डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवणं आजही अनिवार्य आहे. अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधू नका, हेही त्यांतच लिहिलंय.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मोबाइलवर सगळी जहाजं दिसतात. मग एवढा खर्च कशाला?*

मोबाइलवर दिसतं ते बहुतेक किनाऱ्यावरच्या केंद्रांनी पकडून इंटरनेटवर टाकलेलं असतं. ते उशिरा येतं, आणि नेटवर्क गेलं की थांबतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मोबाइल तुम्हाला दुसऱ्यांची जहाजं दाखवतो, जहाजाला तुमची बोट दाखवत नाही.

*प्रश्न: सरकारने उपग्रहाचा ट्रान्सपाँडर दिला आहे. तो असताना हा हवा का?*

नावामुळे घोटाळा होतो. २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमातून ज्या योजनेची सुरुवात झाली, त्यातला संच उपग्रहामार्फत किनाऱ्याशी बोलतो. वादळाचा इशारा, मदतीची हाक यासाठी तो मोलाचा आहे. पण दोन मैलांवरून येणाऱ्या जहाजाशी त्याचा संबंध नाही. त्या जहाजावरच्या माणसाला एआयएस दिसतं. दोन्हींची कामं वेगळी.

*प्रश्न: आमची मासळीची जागा सगळ्यांना कळते. म्हणून आम्ही बंद करतो. चुकतंय का?*

खरं बोललात, बरं वाटलं. जहाजाच्या कप्तानाला सुरक्षेचा धोका असेल, उदाहरणार्थ चाचे, तर एआयएस बंद करता येतं. पण ते नोंदवहीत लिहावं लागतं. मासळीची जागा लपवणं त्यात बसत नाही. जागा जाते हे मला मान्य आहे, त्यात तुमचं नुकसान आहे. पण तुम्ही संच बंद करता तो नेमका कधी? रात्री, जाळं पाण्यात, वेग २ नॉटच्या खाली, निम्मे खलाशी झोपलेले. बोट चटकन वळवता येत नाही तेव्हाच. बंदरातून निघताना चालू ठेवून तिथे बंद करण्यापेक्षा, उलट करा म्हणेन मी.

*प्रश्न: रात्रभर चालू ठेवला तर बॅटरी उतरेल का?*

क्लास बी संच सरासरी तीन-चार वॅट खातो. १२ व्होल्टवर दहा तासांत तीन-साडेतीन अँपिअर-अवर. ट्रकची साधी बॅटरीसुद्धा त्याला पुरून उरते. एवढ्याने उतरत असेल तर बॅटरी बदला, इंजिनही तिच्यावरच सुरू व्हायचंय.