स्टेपनी पुऱ्या मापाचीच बरी



गळीत हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या टायरांची डागडुजी सुरू होते. आष्टीच्या पंक्चरवाल्याला त्या दिवसांत जेवायला सवड मिळत नाही. आपली आष्टी म्हणजे परतूर तालुक्यातली, बीडकडची नव्हे, हे बाहेरच्यांना नेहमीच सांगावे लागते. असो. या वेळी ट्रॉलीच्या आधी घरच्या गाडीच्या पाचव्या चाकाविषयी लिहितो. त्याला कारणही तसेच घडले.

मागच्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास आईच्या छातीत दुखू लागले. आमचे दाजी नवी गाडी घेऊन मुक्कामालाच होते. आईला मागच्या सीटवर आडवे केले आणि जालन्याच्या वाटेला लागलो. परतूर मागे पडले आणि पुढचे डावे चाक पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेले. टायर जागेवर फाटला. डिकीत खताची दोन पोती होती, ती चिखलात उतरवली, खालचे झाकण उचलले तर आत पोराच्या सायकलीला शोभेल असे बारके चाक! दाजी म्हणाले, "कंपनीनं हेच दिलंय, मी तरी काय करू?" त्यातही हवा अर्धीच.

ते लावले. आता फाटलेले मोठे चाक ठेवायचे कुठे? बारक्या स्टेपनीच्या खळग्यात ते मावत नाही. मागे आई. शेवटी पोती तिथेच सोडली आणि चाक डिकीत कोंबले. गाडी डाव्या अंगाला ओढत होती. कशीबशी वाटूर फाट्याला आणली. तिथे एका पंक्चरवाल्याला झोपेतून उठवले. त्याने बॅटरी मारून पाहिले नि म्हणाला, "भाऊ, हे पुढं नका ठेवू. मागचं चांगलं चाक पुढं घेऊ, हे मागं लावू. अन् हवा साठ पौंड लागती ह्याला." पंधरा मिनिटांत त्याने सगळे केले. पैसे द्यायला गेलो तर आईकडे बोट दाखवून म्हणाला, "आधी जावा." आई आज घरी आहे, गोळ्या चालू आहेत. त्याचे पैसे दुसऱ्या आठवड्यात नेऊन दिले.

तो माणूस बोलला ते अगदी शास्त्रशुद्ध होते. हल्लीच्या बहुतेक लहान गाड्यांना इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना असते, स्टिअरिंग पुढेच आणि ब्रेकचा मुख्य जोरही पुढेच. पुढे एक चाक लहान घेराचे बसले तर त्याला दुसऱ्यापेक्षा जास्त फेरे घ्यावे लागतात. वळणापुरते काम करणारे डिफरन्शियल मग सरळ रस्त्यावरही राबत राहते. टायर अरुंद, म्हणून ओल्या रस्त्यावर पकड कमी. अशा चाकावर ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका, असे त्याच्यावरच छापलेले असते. समृद्धी महामार्गावर मोटारीला १२० ची मुभा आहे. तिथे ट्रका शेजारून सुसाट जात असताना बारक्या चाकावर कडेकडेने जाणे म्हणजे जीव मुठीत धरणे.

आता गंमत पाहा. 'स्टेपनी' हा शब्द आपण घरचाच समजतो, पण तो आला वेल्स देशातल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून. पूर्वी मोटारीला जादा चाक नसेच. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी आऱ्या नसलेले, टायर चढवलेले एक कडे काढले. पंक्चर चाक न उतरवता त्याच्यावरच ते आवळायचे आणि घर गाठायचे. म्हणजे पहिली स्टेपनीही वेळ मारून नेणारीच होती! पुऱ्या मापाचे पाचवे चाक नंतर आले, आणि आता उलटा प्रवास सुरू आहे. वजन कमी, डिकीत जागा जास्त, कंपनीचा खर्चही कमी. २०२० साली केंद्र सरकारने नियमात बदल करून, ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारींना स्टेपनी नसली तरी चालेल असे ठरवले. शहरात ठीक आहे. पण खिळ्याचे भोक त्या संचाने बुजेल, खड्ड्यात बाजू फाटली तर काय बुजवणार? आणि आपल्या रस्त्यांवर टायर फाटतो तो बाजूनेच.

म्हणून गाडी घेताना डिकीचे झाकण उचलून बघावे. घेतलेलीच असेल तर खळग्याची रुंदी आणि खोली टेपने मोजावी. पुष्कळ गाड्यांत पुरे चाक बसते, फार तर डिकीचा तळ दोन-चार बोटे वर येतो. गॅसची टाकी असली तर मात्र अडचण आहे, तिथे मला तरी मार्ग दिसत नाही. रिम लोखंडी चालेल, टायरचे माप तेच हवे. पुरी स्टेपनी पडून ठेवू नये, चाकांच्या अदलाबदलीत तिलाही फिरवावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. न वापरताही रबर कडक होते, हे त्यावरून ध्यानात येईल. हवा महिन्याला बघावी.

ट्रॉलीचे दुखणे निराळे आहे. तोडलेल्या उसाचा बुडखा तिरका, टोकदार असतो, बाभळीच्या काट्यापेक्षा वाईट. फडातून भरून निघालेली ट्रॉली रात्री रस्त्यावर बसते, स्टेपनी एकच असते, आणि मागच्या ट्रॉलीचे माप नेमके वेगळे निघते. जुने ट्रकचे टायर मिळतील तसे घातल्यावर दुसरे काय होणार? दोन्ही ट्रॉल्यांना एकच माप ठेवले तर एका स्टेपनीत भागते. नाही तर दोन बाळगाव्या लागतात. भरल्या ट्रॉलीला पेलणारा जॅक आणि चाकाखाली लावायला लाकडी ओंडके सोबत पाहिजेत. दगड निसटतात. आणि मागच्या बाजूला लाल रिफ्लेक्टर शाबूत आहेत का, तेही भरायच्या आधी पुसून बघावे, कारण भरल्यावर उसाचे वाढे त्यांच्यावर लोंबते.